पंचांगातली तिथी आणि विवरातली सावली: पुण्याच्या गच्चीवरून चंद्राचे छायाचित्रण

कोजागरीच्या रात्री पुण्यात सोसायट्यांच्या गच्च्यांवर दूध आटू लागते आणि वर्षातल्या इतर कोणत्याही रात्रीपेक्षा अधिक मोबाइल चंद्राकडे रोखले जातात. विवरांची छायाचित्रे काढू इच्छिणाऱ्याने मात्र ती रात्र मसाला दुधासाठीच राखून ठेवावी. पौर्णिमेला सूर्याचा प्रकाश आपल्या पाठीमागून येऊन चंद्रावर समोरून पडतो, त्यामुळे चंद्रावरील प्रत्येक उंचवट्याची सावली आपल्या दृष्टीने त्या उंचवट्याच्याच आड दडते आणि ९३ किलोमीटर रुंद व सुमारे ३.८ किलोमीटर खोल असलेले कोपर्निकससारखे विवरही निव्वळ एका पांढुरक्या डागासारखे दिसते. तेच विवर शुक्ल दशमीच्या संध्याकाळी दुर्बिणीतून पाहिले तर काठोकाठ शाई भरलेल्या वाटीसारखे भासते, आणि पुढच्या काही तासांत ती शाई एका बाजूने ओसरत जाऊन विवराचा तळ उघडा पडतो. हे ओसरणे टप्प्याटप्प्याने कसे टिपावे, हे येथे नवख्या छायाचित्रकारासाठी सांगितले आहे.

सुरुवातीलाच एक सोयीची गोष्ट सांगतो. आकाशगंगा किंवा तेजोमेघ टिपण्यासाठी पुणेकराला शहराच्या दिव्यांपासून दूर, वेल्ह्याच्या किंवा त्याही पलीकडच्या अंधारात जावे लागते; चंद्रासाठी तसे काहीही करावे लागत नाही. चंद्राचा पृष्ठभाग इतका उजळ असतो की सदाशिव पेठेतल्या किंवा कोथरूडमधल्या गच्चीवरील छायाचित्रात रस्त्यावरच्या दिव्यांमुळे काहीही बिघडत नाही. बिघडवते ती तापलेली, थरथरणारी हवा, आणि तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

तिथी म्हणजे सूर्याचा कोन

चंद्राच्या उजळलेल्या आणि अंधाऱ्या भागांना विभागणाऱ्या रेषेला या लेखात आपण संधिरेषा म्हणू. शुक्ल पक्षात या रेषेवरच्या प्रदेशात सूर्योदय होत असतो आणि कृष्ण पक्षात सूर्यास्त. सूर्य क्षितिजालगत असल्यामुळे तेथील सावल्या सर्वांत लांब असतात, म्हणून आपल्याला हवे असलेले विवर या रेषेच्या अगदी जवळ केव्हा येते, हे ठरवणे ही या कामाची पहिली पायरी होय.

परदेशी मार्गदर्शकांमध्ये यासाठी ‘अमावास्येनंतर इतके दिवस’ असा हिशेब दिलेला असतो. आपल्याकडे त्याहून चांगले साधन घरोघरी भिंतीवर टांगलेले असते. तिथी म्हणजे दिवस नव्हे. पृथ्वीवरून पाहताना चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंशांनी सरकला की एक तिथी पूर्ण होते. चंद्र सूर्यापासून किती अंशांवर आहे यावरच संधिरेषा चंद्रबिंबावर कोठे असेल हे अवलंबून असल्यामुळे तिथी आणि संधिरेषा यांचे नाते सरळ बेरीज-वजाबाकीचे आहे. शुक्ल पक्षात चंद्र-सूर्यांतले अंतर ९० अंश असते तेव्हा, म्हणजे अष्टमीच्या मध्यावर, संधिरेषा चंद्राच्या शून्य रेखांशावर, म्हणजे बिंबाच्या मधोमध, असते. त्यानंतर प्रत्येक तिथीला ती १२ अंशांनी चंद्राच्या पश्चिमेकडे सरकते, आणि अष्टमीच्या आधी तितक्याच हिशेबाने ती पूर्वेकडे असते. चंद्राची पूर्व-पश्चिम आकाशातल्या पूर्व-पश्चिमेच्या उलट मोजतात, हे येथे ध्यानात ठेवावे लागते. संध्याकाळी मावळतीकडे असणारी चंद्राची कड ही नकाशातली पूर्व कड होय.

या हिशेबाने कोणत्या तिथीला काय पाहावे, ते आता सांगतो. पंचमीला संधिरेषा ४२ ते ३० अंश पूर्वेच्या दरम्यान असते. त्या वेळी मारे ट्रँक्विलिटॅटिसमध्ये (‘मारे’ म्हणजे चंद्रावरचे गडद लाव्ह्याचे मैदान) ३५ अंश पूर्वेला असलेले २२ किलोमीटर व्यासाचे आर्यभट हे विवर शोधावे. ते लाव्ह्याने बरेचसे बुजलेले आहे आणि त्याचा कमानीसारखा उरलेला काठ केवळ तिरप्या उन्हातच उठून दिसतो, म्हणून शोधायला कठीण, परंतु सापडल्यावर आनंद देणारे आहे. षष्ठीला थिओफिलस, सिरिलस आणि कॅथरिना हे त्रिकूट उजळते. थिओफिलस सुमारे १०० किलोमीटर रुंद असून त्याच्या मध्यभागी उभे असलेले डोंगर तळापेक्षा आधी उजळतात, त्यामुळे काळ्या वर्तुळात दोन-तीन प्रकाशाचे ठिपके तरंगत असल्याचा भास होतो. अष्टमीला टॉलेमियस, अल्फॉन्सस आणि आर्झाचेल हे एकाखाली एक मांडलेले तिघे संधिरेषेवर येतात. नवमीला तर इतके काही एकदम समोर येते की नवख्याचा गोंधळ उडतो: उत्तरेला सपाट तळाचे प्लेटो, दक्षिणेला टायको आणि सव्वादोनशे किलोमीटर रुंदीचे क्लेव्हियस, आणि मध्ये मारे न्यूबियममध्ये सुमारे ११० किलोमीटर लांबीचा तो सरळ कडा, ज्याला ‘स्ट्रेट वॉल’ म्हणतात. हा कडा पश्चिमेकडे उतरतो, म्हणून सूर्योदयाच्या वेळी तो काळ्या रेघेसारखा दिसतो आणि कृष्ण अष्टमीच्या सुमारास, पश्चिमेकडून ऊन पडत असताना, तोच पांढऱ्या रेघेसारखा दिसतो. दशमी कोपर्निकसची. एकादशीला सायनस इरिडमचा अर्धवर्तुळाकार डोंगरकाठ उजळलेला असतो आणि आतले मैदान अजून अंधारात किंवा संधिप्रकाशात असते.

या नियमाला दोन अटी आहेत आणि दोन्ही महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी, की दिनदर्शिकेच्या चौकोनात ठळक छापलेली तिथी ही त्या दिवशी सूर्योदयाच्या वेळची असते. मी कोपर्निकसची पहिली मालिका घ्यायला ज्या दिवशी गच्चीवर गेलो, त्या दिवशीच्या चौकोनात दशमी होती, परंतु ती सकाळी नऊच्या सुमारास संपली होती. संध्याकाळी प्रत्यक्षात एकादशी चालू असल्याने विवरातली सावली पूर्वेच्या काठाशी चिकटलेल्या कोयरीएवढीच उरली होती. म्हणून तिथीच्या नावाशेजारी दिलेली समाप्तीची वेळ वाचावी आणि आपण गच्चीवर असताना कोणती तिथी किती भरलेली असेल, हे मोजावे. दुसरी अट अशी, की चंद्र आपल्याला दाखवत असलेला चेहरा किंचित डावी-उजवीकडे डोलत असतो. या डोलण्याला लिब्रेशन म्हणतात आणि त्यामुळे विवरे संधिरेषेच्या तुलनेत जास्तीत जास्त आठेक अंशांनी इकडेतिकडे होतात, म्हणजे सूर्योदयाची वेळ सोळा तासांपर्यंत पुढे-मागे होऊ शकते. तिथी आपल्याला योग्य संध्याकाळच्या दारापर्यंत नेते. नेमका तास ठरवण्यासाठी ‘व्हर्च्युअल मून अ‍ॅटलस’सारखे मोफत सॉफ्टवेअर वापरावे किंवा नासाच्या सायंटिफिक व्हिज्युअलायझेशन स्टुडिओने दर वर्षासाठी प्रसिद्ध केलेली तासागणिक चंद्रचित्रे पाहावीत. ती चित्रे जागतिक वेळेनुसार असतात, म्हणून आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून पाहावे लागते.

सूर्योदयाची वेळ साधण्याचे महत्त्व केवळ छायाचित्रकारालाच आहे असे नाही. चांद्रयान-३ चा विक्रम अवतरक २३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी चंद्रावर उतरला तेव्हा आपल्याकडे शुक्ल सप्तमी होती आणि उतरण्याच्या जागी सकाळ सुरू झालेली होती. सौरऊर्जेवर चालणाऱ्या उपकरणांना चंद्रावरचा अख्खा, म्हणजे पृथ्वीवरच्या सुमारे १४ दिवसांएवढा, दिवस मिळावा हा त्यामागचा हेतू होता. ती जागा ६९ अंश दक्षिणेला असल्यामुळे तेथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण २२ अंशांहून वर चढत नाही आणि सावल्या कायम लांबच राहतात.

सावली किती वेगाने सरकते

चंद्राचा एक दिवस-रात्र सरासरी २९.५३ पृथ्वीदिवसांचा असतो, त्यामुळे चंद्राच्या विषुववृत्ताजवळ सूर्य तासाला सुमारे अर्धा अंश वर चढतो. हा वेग आपल्याला अगदीच मंद वाटेल, परंतु सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याचा परिणाम मोठा होतो. सूर्य १ अंशावर असताना एखाद्या डोंगराची सावली त्याच्या उंचीच्या ५७ पट असते, ५ अंशांवर ती साडेअकरा पटीपर्यंत आखडते आणि १० अंशांवर पावणेसहा पट उरते. म्हणजे सावलीची खरी धावपळ पहिल्या दहा अंशांतच होऊन जाते. त्यानंतर तासन्‌तास कॅमेरा लावून बसण्यात फारसा अर्थ नाही.

कोपर्निकसचेच उदाहरण घेऊ. सूर्य सव्वादोन अंशांच्या वर चढेपर्यंत पूर्वेकडच्या काठाची सावली ९३ किलोमीटरचा संपूर्ण तळ व्यापून असते. सूर्य ३ अंशांवर आला की सावली सुमारे ७२ किलोमीटरची होते आणि ५ अंशांवर ४३ किलोमीटरची. या दोन अंशांना चार तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सातला बसून रात्री अकराला उठणाऱ्याच्या डोळ्यांदेखत सावलीची कड जवळजवळ ३० किलोमीटर मागे हटते. पृथ्वीवरून पाहताना हे अंतर सुमारे १५ आर्कसेकंदांचे भरते; आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग. (चंद्राच्या सरासरी अंतरावर १ आर्कसेकंद म्हणजे १.८६ किलोमीटर, एवढा एकच आकडा पाठ केला तरी पुढचे सारे हिशेब करता येतात.)

चंद्राच्या ध्रुवांकडे जावे तसा हा वेग कमी होतो. प्लेटो ५१ अंश उत्तरेला असल्यामुळे तेथे सूर्य तासाला जेमतेम एक-तृतीयांश अंशच चढतो, आणि ५८ अंश दक्षिणेवरच्या क्लेव्हियसमध्ये त्याहूनही हळू. हे नवख्याच्या फायद्याचे आहे. प्लेटोच्या सपाट तळावर पूर्वेकडच्या काठावरील शिखरांच्या सावल्या देवळांच्या कळसांसारख्या निमुळत्या पसरतात आणि त्या सावकाश आखडत असल्यामुळे, मध्ये ढगाने अर्धा तास खाल्ला तरी मालिका मोडत नाही. माझ्या मते पहिल्या प्रयत्नासाठी प्लेटोच निवडावे. कोपर्निकस दुसऱ्या महिन्यासाठी ठेवावे.

चंद्रावर हवा नसल्यामुळे सावल्या काळ्याकुट्ट असतात हे खरे, परंतु त्यांची कड धारदार असतेच असे नाही. सूर्यबिंब अर्ध्या अंशाहून थोडे मोठे आहे, त्यामुळे ते चंद्राच्या क्षितिजावर पूर्ण वर यायला एक तासाहून थोडा अधिक वेळ लागतो आणि लांब सावलीच्या टोकाशी करड्या छटेची पट्टी पडते. ही पट्टी आपल्या फोकसची चूक समजून नवखे लोक फोकस पुन्हापुन्हा फिरवत बसतात.

आपल्याजवळ काय आहे, त्यावरून काय टिपावे

कॅमेऱ्याच्या सेन्सरवर चंद्राची प्रतिमा लेन्सच्या नाभीय अंतराच्या (फोकल लेंग्थच्या) साधारण एकशेदहाव्या भागाएवढी पडते. ३०० मिलिमीटरच्या लेन्सने ती पावणेतीन मिलिमीटरची असते. अशा लेन्सने सर्वसाधारण कॅमेऱ्यावर कोपर्निकस जेमतेम १९-२० पिक्सेल रुंद दिसते आणि चार तासांतले सावलीचे हटणे पाच-सहा पिक्सेलांत संपते. ज्याच्याकडे एवढीच लेन्स आहे त्याने एका विवराच्या मागे न लागता, पंचमीपासून द्वादशीपर्यंत रोज ठरलेल्या वेळी पूर्ण चंद्राचे एक छायाचित्र घ्यावे आणि संधिरेषेचा प्रवास दाखवावा. हे काम दुय्यम दर्जाचे मुळीच नाही. आठ दिवस सलग आकाश निरभ्र मिळणे आणि आपण स्वतः आठही दिवस वेळेवर गच्चीवर असणे, यांपैकी दुसरे अधिक अवघड आहे.

एका विवरातली तासागणिक सावली टिपायची तर दुर्बीण हवी. १५० मिलिमीटर व्यासाची आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतराची परावर्ती दुर्बीण या कामाला उत्तम आहे. तिची सूक्ष्मभेदनाची मर्यादा, म्हणजे तिला वेगळा दाखवता येणारा सर्वांत बारीक तपशील, पाऊण आर्कसेकंदाच्या आसपास, म्हणजे चंद्रावर सुमारे १.४ किलोमीटर असते. थेट कॅमेरा जोडल्यास कोपर्निकस ७५ पिक्सेलांच्या घरात जाते आणि दुप्पट वाढवणारी बार्लो लेन्स मध्ये घातली की १५० पर्यंत. कॅमेरा नसेल तर आयपीसवर (डोळा लावायच्या भिंगावर) मोबाइल बसवणारा धारक घ्यावा. मोबाइल हाताने धरून काढलेले एखादे छायाचित्र चांगले येऊ शकते, मालिका मात्र येत नाही. दुर्बीण विकत घेण्याची घाई करू नये. १९४४ मध्ये स्थापन झालेली आणि टिळक स्मारक मंदिरातून चालणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था पुण्यातच आहे. अशा ठिकाणी दोन-चार वेगवेगळ्या दुर्बिणींतून चंद्र पाहिल्यावर आपल्याला काय पेलेल याचा अंदाज येतो.

चंद्राच्या मागे फिरणारी मोटार असलेली बैठक असेल तर काम सोपे होते, नसेल तर अडत नाही. आकाश सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकते, त्यामुळे १/१२५ सेकंदाच्या छायाचित्रात प्रतिमा केवळ ०.१२ आर्कसेकंद पुसट होते, जे कोणाला दिसणारही नाही.

गच्ची आणि हवा

चांगल्या चंद्रचित्राचा अर्धा भाग कॅमेऱ्याबाहेर ठरतो. मार्च ते मे दिवसभर तापलेला काँक्रीटचा स्लॅब सूर्यास्तानंतर दोन-तीन तास उष्णता सोडत राहतो आणि त्यावरून वर चढणाऱ्या हवेतून विवरे पाण्याच्या तळाशी असल्यासारखी हलतात. गच्चीच्या मधोमध बसण्यापेक्षा वाऱ्याच्या दिशेच्या कठड्याशी, जेथून मोकळी हवा आपल्याकडे येते तेथे, बसावे. शक्य असेल तर दुर्बिणीभोवतीच्या फरशीवर तासभर आधी पाणी मारून ठेवावे. शेजारच्या इमारतीवरच्या एसीच्या यंत्रांची रांग किंवा एखाद्या उपाहारगृहाची चिमणी आपल्या आणि चंद्राच्या मध्ये येत नाही ना, हेही पाहावे. लिफ्टच्या यंत्रखोलीजवळ तिपाई मांडू नये, कारण लिफ्ट हलली की चंद्रही हलतो. गच्चीची किल्ली ज्यांच्याकडे असते त्या सचिवांना आदल्या दिवशीच सांगून ठेवावे, हा सल्ला तांत्रिक नसला तरी त्यावाचून सावल्या वाया गेल्याचा मला अनुभव आहे.

हिवाळ्यात आकाश स्वच्छ असते, परंतु रात्री दुर्बिणीच्या काचेवर दव पडते आणि पहाटे धुके येते. दुर्बीण घरातून आणल्यावर अर्धा ते एक तास तशीच बाहेर ठेवून तिची नळी व आरसा बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा. जून ते सप्टेंबर हा काळ मराठी छायाचित्रकाराने संगणकावरच्या सरावासाठी वापरावा.

चंद्र आकाशात जितका उंच, तितकी मधली हवा कमी. या बाबतीत पुणेकर सुदैवी आहे. आपले अक्षांश १८.५ असल्यामुळे फाल्गुन-चैत्रातला शुक्ल अष्टमीचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीनंतर मावळतो, म्हणजे लांब मालिकेला पुरेपूर वेळ मिळतो. अगदी डोक्यावरच्या चंद्राकडे डॉब्सोनियन बैठकीची (हाताने वळवायच्या साध्या बैठकीची) दुर्बीण वळवणे जिकिरीचे होते, तेव्हा तासभर थांबून तो थोडा कलला की सुरुवात करावी. आश्विन-कार्तिकात हाच चंद्र दक्षिणेला राहतो आणि फार उंच चढत नाही. त्या महिन्यांत कृष्ण पक्षातला पहाटेचा चंद्र अधिक सोयीचा असतो. संकष्टीला चंद्रोदय पाहून, उपास सोडून, जेवण उरकून दोन तासांनी गच्चीवर गेले तर चंद्र पुरेसा वर आलेला असतो आणि मारे क्रिसियमचा बहुतेक भाग अंधारात गेलेला किंवा जाण्याच्या बेतात असतो. सूर्यास्ताच्या सावल्या शिकण्यासाठी ती रात्र चांगली आहे.

प्रत्यक्ष संध्याकाळ

कॅमेऱ्याचे घड्याळ मोबाइलच्या घड्याळाशी सेकंदापर्यंत जुळवून घ्यावे. ही पायरी सर्वांत क्षुल्लक वाटते, पण मालिकेतला प्रत्येक निष्कर्ष या वेळेवरच उभा असतो. सूर्य मावळल्यावाचून दुर्बीण आकाशाकडे वळवू नये, विशेषतः द्वितीया-तृतीयेला, जेव्हा चंद्र सूर्यापासून फार दूर नसतो.

फोकस नेहमी हाताने करावा. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर, प्रतिमा दहा पट मोठी करून संधिरेषेवरचे एखादे लहान विवर निवडावे आणि त्याचा काठ सर्वांत बारीक दिसेपर्यंत चक्र सावकाश फिरवावे. हवा एका क्षणी स्थिर आणि दुसऱ्या क्षणी अस्थिर असते, म्हणून प्रत्येक स्थितीत पाच-दहा सेकंद थांबून त्यातला सर्वांत चांगला क्षण ध्यानात घ्यावा आणि त्याची तुलना पुढच्या स्थितीतल्या सर्वांत चांगल्या क्षणाशी करावी. रात्र थंडावते तशी नळी आकुंचन पावते, त्यामुळे दर तासाला फोकस पुन्हा तपासावा.

यानंतर एक्स्पोजर. पूर्ण चंद्रासाठी छिद्र एफ/११ आणि शटर एक भागिले आयएसओ, असा जुना नियम आहे. त्यावर विसंबून अष्टमीच्या चंद्राचे छायाचित्र घेतले तर ते काळवंडते, कारण अर्धा चंद्र पूर्ण चंद्राच्या निम्मा नव्हे, तर जवळपास एक-दशांशच प्रकाश देतो. सावल्या तर असतातच, शिवाय चंद्रावरची धूळ समोरून प्रकाश पडला की विशेष उजळते आणि तिरप्या प्रकाशात तशी उजळत नाही. एफ/८ च्या दुर्बिणीवर आयएसओ २०० आणि १/६० ते १/१२५ सेकंद येथून सुरुवात करावी, हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेड-अंधाराचा आलेख) पाहावा आणि विवराच्या उन्हातल्या काठाची उजळ टोके कमाल मर्यादेच्या पाऊण भागाच्या पलीकडे जाणार नाहीत, अशी वेळ ठरवावी. एकदा ठरलेले शटर, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स रात्रभर बदलू नयेत. माझ्या एका मालिकेत कॅमेरा स्वयंचलित राहिला होता. सावली जसजशी मागे हटली तसतसा कॅमेऱ्याने प्रकाश कमी केला आणि चार तासांच्या अखेरीस उजळत गेलेले विवर माझ्या चित्रांत अंधारत गेले. चंद्र ३० अंशांच्या खाली उतरला की हवेतल्या धुळीमुळे तो खरोखरच मंद होतो. तेथे मालिका थांबवावी.

छायाचित्राऐवजी एक-दीड मिनिटाचा व्हिडिओ घेणे अधिक श्रेयस्कर आहे, कारण हलत्या हवेतही शेकडो फ्रेमपैकी काही क्षणिक स्थिरतेत टिपल्या जातात. व्हिडिओ किती लांब चालेल, याचेही उत्तर सावलीच्या वेगातच आहे. कोपर्निकसमध्ये सावली तासाला सुमारे ७ किलोमीटर सरकते, म्हणजे दीड मिनिटात पावणेदोनशे मीटर, जे आपल्या दुर्बिणीच्या १.४ किलोमीटरच्या मर्यादेपेक्षा पुष्कळ कमी आहे. दहा मिनिटांचा व्हिडिओ मात्र कड पुसट करू लागेल. हाच हिशेब उलटा केला की दोन टिपणांमध्ये, म्हणजे दोन व्हिडिओंमध्ये, किती वेळ जाऊ द्यावा ते कळते: अर्ध्या तासात सावली साडेतीन किलोमीटर, म्हणजे सुमारे दोन आर्कसेकंद सरकते आणि बदल स्पष्ट दिसतो. त्याहून जवळजवळची टिपणे घेतली तर संगणक भरतो, माहिती वाढत नाही. प्रत्येक टिपणाच्या वेळी वहीत वेळ, चंद्राची उंची आणि हवेचा एका शब्दात शेरा लिहावा.

संगणकावर

व्हिडिओतल्या फ्रेमची प्रत तपासून चांगल्या फ्रेम निवडणे आणि त्या एकावर एक रचणे हे काम ‘ऑटोस्टॅकर्ट’ हे मोफत सॉफ्टवेअर करते. सर्वोत्तम १० ते २० टक्के फ्रेम घ्याव्यात. हवा वाईट असेल तर टक्केवारी वाढवून उपयोग होत नाही, उलट वाईट फ्रेम आत येतात. मालिकेतल्या सर्व टिपणांना एकच टक्केवारी लावावी.

त्यानंतर ‘रजिस्टॅक्स’मध्ये प्रतिमा धारदार करताना हात आखडता घ्यावा. नवख्यांच्या चित्रांत सर्वाधिक आढळणारा दोष येथेच निर्माण होतो: सावलीच्या कडेला पांढरी दुहेरी रेघ उमटते, लहान विवरांभोवती कडी दिसू लागतात आणि अंधारातले दाणे उजळून सावलीत नसलेले तपशील असल्याचा भास होतो. दोन वेगवेगळ्या टिपणांत एकाच जागी दिसणारा तपशील खरा मानावा. एकाच टिपणात दिसणारा सोडून द्यावा. सावलीचा गाभा काळाच राहू द्यावा, तो उजळवण्याचा मोह टाळावा.

रात्र सरकते तसा चंद्र आपल्या क्षितिजाच्या तुलनेत फिरतो, म्हणून साध्या बैठकीवरून घेतलेली टिपणे एकमेकांशी जुळत नाहीत. ‘गिंप’ या चित्रे संपादित करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ती एकावर एक थरांत ठेवून, वरचा थर अर्धपारदर्शक करून, संधिरेषेपासून दूर असलेली दोन लहान विवरे जुळवावीत. सावलीच्या कडेवरून कधीही जुळवणी करू नये. आपल्याला जे सरकताना दाखवायचे आहे, तेच स्थिर धरल्यासारखे होते. जुळवलेली आठ-नऊ टिपणे एका ओळीत मांडून, प्रत्येकाखाली वेळ आणि तिथी लिहिली की मालिका तयार होते. हवे असल्यास त्याच टिपणांतून सावलीची लांबी किलोमीटरमध्ये मोजून आणि त्या वेळचा सूर्याचा कोन सॉफ्टवेअरमधून घेऊन काठाची उंची काढता येते. चंद्रावरच्या डोंगरांची उंची उजेड आणि अंधार यांच्या भूमितीवरून गॅलिलिओने १६१० मध्ये मांडली होती. आपली रीत त्याच्या रीतीहून थोडी वेगळी असली तरी त्रिकोणमिती शाळेतलीच लागते.

मालिका अर्धवट राहिली, तर पुढच्या महिन्याच्या त्याच तिथीची वाट पाहणे बहुधा निष्फळ ठरते. २९.५३ दिवसांनी तीच सावली परत येते खरी, परंतु दिवसाच्या अर्ध्या भागाने पुढे, म्हणजे आपल्याकडे सकाळी, चंद्र क्षितिजाखाली असताना. अष्टमीच्या आसपास ब्लँचिनस, ला काय आणि पर्बाक या विवरांच्या काठांवर चार-एक तास उजळणारी ‘एक्स’ अक्षराची आकृती पुण्यातून दर महिन्याला दिसत नाही, त्याचे कारण हेच. दोन चांद्रमास मात्र ५९.०६ दिवसांचे होतात, त्यामुळे तीच सावली सरासरीने ५९ दिवस आणि दीड तासाने पुन्हा संध्याकाळच्या आकाशात येते. प्रत्येक चांद्रमास थोडा लहान-मोठा असल्याने काही तासांचा फरक धरावा लागतो. टिपण संपवून खाली आल्यावर दिनदर्शिकेत ५९ चौकोन मोजून तेथे विवराचे नाव लिहून ठेवावे. त्या संध्याकाळी सूर्य त्याच कोनात असेल, परंतु लिब्रेशनमुळे विवर थोडे वळलेले आणि काठाकडे किंवा मध्याकडे सरकलेले दिसेल, म्हणून जुन्या टिपणावर नवे टिपण तंतोतंत बसणार नाही.